बाबा स्वप्नात बोलत नाहीत

१२ फेब्रुवारी

घुम्या,

पत्र मिळालं. पाच पानं, पाठपोट. शाळेत निबंधाच्या दहा ओळी लिहायच्या म्हटलं की तुझ्या पोटात दुखायचं, आणि आता एका स्वप्नावर पाच पानं. फोन केला तर उचलत नाहीस. बायकोला पुढे करतोस आणि ती बिचारी "झोपलेत" म्हणून सांगते. खरंच झोपला असशील तर आनंदच आहे, कारण सगळ्या पत्राचं सार एवढंच की तुला झोप लागत नाही.

स्वप्न मी नीट वाचलं. बाबा कारखान्यात आपल्या बाकड्याशी बसलेत. (कारखाना म्हणजे तुझ्या बायकोला वाचून दाखवत असशील तर सांग, दुकानामागची ती प्लास्टरने पांढरी झालेली खोली. बाबा तिला कारखाना म्हणायचे, आपण काय करणार.) तू दारात उभा आहेस. ते मान वर करतात, तुझ्याकडे बघतात, तोंड उघडतात. ओठ हलतात, आवाज येत नाही. मग हाताने तोंड झाकतात आणि तुला जाग येते. ते गेल्यापासून हे असं चाललंय, आणि तू मला विचारतोस, ताई, याचा अर्थ काय.

मला काय माहीत? मी कवळ्या करते. लोक येतात, आ करतात, मी माप घेते, दात बसवून देते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपल्या घराचं दोन पिढ्या भरलं. पण स्वप्नांचा अर्थ लावायचा धंदा आपण कधी केला नाही. बाबांना विचारलं असतंस तर ते म्हणाले असते, मनी वसे ते स्वप्नी दिसे, आता ऊठ आणि प्लास्टर भिजव.

तू आत्याला विचारलंस तिथेच घोळ झाला. आत्याकडे गेलेल्या माणसांचं अख्खं कोष्टक आहे. गेलेला काही देऊन गेला तर चांगलं, मागून घेऊन गेला तर वाईट. हसला तर सुटला, रडला तर अडकला, आणि बोललाच नाही तर रुसलाय. तिने तुला बेधडक सांगून टाकलं, "रुसलाय तो तुझ्यावर." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. आणि तू ते धरून बसलास. तुला माहीत नसेल म्हणून सांगते, गेल्या आठवड्यात हेच बाबा तिच्या स्वप्नात जाऊन दुकानाची पाटी हिरवी करा म्हणून सांगून आले. जिवंतपणी त्या माणसाने दातांचा रंग सोडून दुसऱ्या कुठल्या रंगाबद्दल तोंड उघडलं नाही. म्हणजे पोटच्या पोराशी अबोला आणि बहिणीशी रंगकामाची चर्चा. समोरच्या औषधवाल्याच्याही स्वप्नात आले होते म्हणे. चहा पिऊन गेले.

माझ्या स्वप्नात येत नाहीत. एकदाही आले नाहीत. मी त्यांच्या बाकड्यावर बसते, त्यांची हत्यारं वापरते, त्यांच्या खोलीच्या शेजारच्या खोलीत झोपते. मधे फक्त एक भिंत आहे. ती सोडून ते एवढा रात्रभराचा प्रवास करून तुझ्याकडे येतात. कौतुक आहे दोघांचंही. जिवंत होते तेव्हा तू क्रेन चालवायला निघून गेलास म्हणून तुझ्याशी बोलत नव्हते आणि तू त्यांच्याशी. मी मधली टपालवाली. "त्याला विचार, वेळेवर जेवतो का." "त्यांना सांग, जेवतो." इतकी वर्षं हेच केलं. आता एक गेला तरी माझी नोकरी काही सुटत नाही.

तुझ्या बायकोने पाकिटात आपली एक चिठ्ठी सरकवली होती. तुला न सांगता, हे उघड आहे. वर केबिनमध्ये तुला डुलकी लागली, आणि तेव्हा दोराला लोखंडी तुळई लोंबकळत होती. मुकादमाने तुला खाली उतरवलंय आणि पुन्हा असं झालं तर कायमचाच उतरवेल. खाली माणसं उभी असतात रे. त्यांनाही घरी कोणीतरी असेल. तेव्हा डॉक्टरकडे जा, गोळी घे, दूध पी, काय वाटेल ते कर, पण झोप.

शेवटी तू विचारलंस, जाण्याआधी बाबा माझ्याबद्दल काही बोलले का. विशेष काही नाही. पडूनच असायचे. बोलण्याचं त्राण नव्हतं.

ताई


२ मार्च

घुम्या,

तुझी दोन पत्रं एकाच दिवशी आली. पोस्टमन मला विचारत होता, काही कोर्टकचेरी चाललीय का.

तू म्हणालास म्हणून बाकड्यावर पाण्याचा पेला भरून ठेवला. बाबांना तहान लागली असेल, म्हणून ओठ हलत असतील, असं तुला वाटतं. त्यात दुपारी ब्रश बुडवून ठेवला गेला माझ्याच हातून. तू म्हणालास म्हणून त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहून मोठ्याने विचारलंसुद्धा, बाबा, घुम्याशी का बोलत नाही. मागे वळले तर दारात हेडमास्तर. रिकाम्या खुर्चीला जाब विचारणारी मी त्यांनी डोळे भरून बघितली. बोलले काही नाहीत, कारण त्यांच्या तोंडात दात नाहीत. आणि ते का नाहीत, हीच माझी सध्याची डोकेदुखी आहे.

हेडमास्तर तुला आठवतात ना? आपल्या शाळेचे. तुझं कुठलंही वाक्य पुरं व्हायच्या आत दुरुस्त करायचे. रिटायर होऊन जमाना झाला, आता पार वाकलेत. त्यांची कवळी बाबांनी स्वतः केली होती. शेवटचं काम त्यांचं. अर्धी खुर्चीत बसून केली, अर्धी अंथरुणावर टेकून. पॉलिशपर्यंत सगळी तयार. बाकड्यावर पांढऱ्या वाडग्यात पाण्यात ठेवली होती, मी ह्या डोळ्यांनी बघितली होती. बाबा गेले, घर माणसांनी भरलं, आणि सगळं निवलं तेव्हा वाडगा रिकामा. आधी मला वाटलं, ते स्वतःच घेऊन गेले असतील आणि त्या गर्दीत सांगायचं राहिलं असेल. त्यांना वाटलं, बाप गेलाय पोरीचा, आत्ता काय विचारायचं. म्हणून इतके दिवस ते सभ्यपणे पेज पीत घरी बसले.

आता सभ्यपणा संपलाय. रोज सकाळी येतात, दुकानातल्या बाकावर बसतात आणि माझ्याकडे बघतात. त्यांची जुनी कवळी मधोमध तुटलेली आहे. शाळेच्या कार्यक्रमात त्यांना भाषण करायचंय. मी केर काढणाऱ्या बाईंना विचारलं, वाडगा तुम्ही उपडा केलात का. एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, "मी काय दुसऱ्याचे दात घरी नेणार?" आणि दोन दिवस आल्याच नाहीत. केर मी काढतेय. सगळे खण उपसले, प्लास्टरचं पोतं चाळून काढलं, नाली बघितली. शोधतेय, शोधतेय असं त्यांना सांगून माझ्या दातांच्या कण्या झाल्या.

आणि अशात तुझं पत्र, की काल बाबांनी स्वप्नात तोंड उघडलं तेव्हा ते तुला त्यांचं तोंडच वाटलं नाही. बरं. ठेवते हे पण लक्षात. झोपतोयस का ते मात्र दोन्ही पत्रांत कुठेच लिहिलेलं नाही.

ताई


१४ मार्च

घुम्या,

हे पत्र बसून वाच. आणि वाचून झाल्यावर आत्याला फोन करू नकोस.

आज बाबांचा सगळ्यात खालचा खण उघडला. कानस शोधत होते. त्यात निळ्या डबीत बाबांची जुनी कवळी आहे. घरात अडीअडचणीला म्हणून जपून ठेवलेली. मी ती हातात घेऊन किती वेळ खाली बसून होते देव जाणे. कारण मी आजपर्यंत समजत होते की ही कवळी बाबांच्या तोंडात गेली. तू घातलीस, असं.

तो दिवस आठव. तू स्टेशनवरून तडक आलास. पिशवी खांद्यालाच होती. आत गेलास, बाबांना बघितलंस, बाहेर येऊन मला म्हणालास, "बाबांना असं न्यायचं नाही." दिवसभरात तू एवढंच बोललास आणि मला ते शंभर टक्के पटलं. बाबांना बिनदाताचं कोणी बघितलेलं नव्हतं. आपल्याला तरी कुठे माहीत होतं? त्यांचेही दात खोटे आहेत हे मला कळलं तेव्हा मी त्यांच्या हाताखाली कामाला बसले होते. सगळ्यांच्या आधी उठायचे आणि दात लावूनच खोलीबाहेर यायचे. गावाला दात देणारा माणूस बोळक्या तोंडाने दिसला तर कोण येईल, असं त्यांचं म्हणणं.

तर तू कारखान्यात गेलास. मग बाबांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलंस. मग दार उघडलंस आणि माणसं आत गेली. मी म्हटलं, याला जुनी कवळी कुठे असते ते बरं आठवलं. सगळे म्हणाले, चेहरा किती प्रसन्न आहे. आत्या तर हंबरडा फोडून म्हणाली, "बघा, हसत गेला माझा भाऊ."

हसतील नाही तर काय करतील. हेडमास्तरांचा जबडा केवढा आहे. त्यांचे दात बाबांच्या तोंडात घातले तर ओठ मिटायचे कसे?

आता तू विचारशील, ताई, तू हा धंदा करतेस, तुला कसं दिसलं नाही. मी चेहऱ्याकडे बघितलं नाही. मी पायांकडे बघत उभी होते.

तेव्हा एकाच प्रश्नाचं उत्तर दे. तू बाकड्यावरच्या पांढऱ्या वाडग्यातून कवळी उचललीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. स्वप्न लिहू नकोस.

ताई


२३ मार्च

घुम्या,

"हो" एका पोस्टकार्डावर मावलं असतं. चार पानं लिहिलीस.

ठीक आहे. झालं ते झालं. बिछान्याजवळच्या पेल्यात कवळी नव्हती, खण तुला आठवला नाही, वाडग्यातली चकचकीत दिसली, तीच बाबांची असं वाटलं. क्रेनवाल्याला सगळ्या कवळ्या सारख्याच. दुसऱ्या कुठल्या घरात ही चूक झालीच नसती, कारण दुसऱ्या कुठल्या घरात एका माणसामागे इतके दात पडलेले नसतात.

पण त्यापुढे तू जे तारे तोडलेस ते वाचून मी कपाळाला हात लावला. म्हणे अर्थ सापडला. बाबांच्या तोंडात परक्याचे दात आहेत म्हणून त्यांना बोलता येत नाही, आणि ते तुझ्या हातून झालं म्हणून ते तुझ्याच स्वप्नात येतात, आणि आता हे कधीच सुटणार नाही. आत्यालाही ते पटलंय, असं लिहिलंस. म्हणजे केलासच फोन. मला फोन करायला तुझे हात मोडतात, तिला मात्र लगेच.

दातांवाचून माणसाला बोलता येत नाही हे मी तुझ्यापेक्षा जास्त जाणते. पण मी आजवर चुकीच्या मापाची कवळी घालून लोकांना तावातावाने भांडताना बघितलंय. दातांसाठी कोणी गप्प बसत नाही.

हेडमास्तरांना मी खरं काय ते सांगून टाकलं. आणखी किती दिवस नाली तपासल्याचं नाटक करणार? त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता हे चिडणार. पण त्यांचे खांदे हलायला लागले. इतके हसले की मी पाणी आणून दिलं. मग बोबड्या आवाजात म्हणाले, "निदान तिथे तरी शुद्ध बोलेल." आणि तोंड उघडून बसले, घे माप म्हणून. त्यांची नवी कवळी मी चार दिवसांत करून दिली, पैसे घेतले नाहीत. घालून त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर माझ्या दुकानाच्या पाटीवरची चूक काढली.

तेव्हा ज्याचे दात गेले तो हसतोय आणि तू तिकडे रडतोयस. तुझ्या बायकोने पुन्हा लिहिलंय. महिनाभरात तू परत क्रेनवर चढला नाहीस तर तुझी जागा दुसऱ्याला देणार आहेत. आणि चढलास तर तिचा जीव टांगणीला. बाईला वेड लावशील एक दिवस.

शेवटच्या पानाच्या समासात तू बारीक अक्षरात काहीतरी खरडलंयस. ते मी वाचलं. त्याबद्दल उद्या लिहिते. आज दोन मापं घ्यायची आहेत.

ताई


२४ मार्च

घुम्या,

समासात तू लिहिलंस: "तसंही ते फोनवर बोललेच नाहीत. मी माफी मागितली, सगळं बोललो, त्यांनी ऐकून घेतलं आणि मी फोन ठेवेपर्यंत एक शब्द काढला नाही. मग स्वप्नात कशाला बोलतील?"

स्वप्नावर पानंच्या पानं आणि खरी गोष्ट समासात. जन्मापासून हा असाच. उगीच नाही घुम्या नाव पडलं.

म्हणजे तू एवढ्यासाठी या घराचा फोन उचलत नाहीस. इतके दिवस मी समजत होते तुला माझा राग आलाय. काल रात्रभर विचार केला, चिडले, स्वतःशीच भांडले, आणि आता सकाळी दुकान न उघडता हे लिहितेय.

मूर्खा, त्यांच्या तोंडात दात नव्हते.

आता सगळं ऐक. शेवटच्या महिन्यात बाबा इतके वाळले की हिरड्या आत गेल्या. कवळी बसेना. बोलायला लागले की खाली पडायची. एकदा शेजाऱ्यांसमोर पडली. त्या दिवसापासून त्यांनी ती पेल्यात टाकली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. कोणाला आत येऊ देऊ नकोस म्हणाले. आत्यालासुद्धा मी दारातून परत पाठवलं, म्हणून ती अजून माझ्यावर फुगून आहे. बोलायचे फक्त माझ्याशी, तेही बोबडं. मला कळायचं. जन्मभर बोळक्या तोंडांचंच ऐकत आलेय.

तुझा फोन आला तेव्हा दुपार होती. इतक्या वर्षांनी तू "बाबांना दे" म्हणालास. मी धावत नेला, कानाला लावून धरला. तू काय बोलत होतास ते मला ऐकू आलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. ते छताकडे बघत ऐकत होते. मधेच ओठ हलले. बोलायला गेले, आणि पहिलाच आवाज असा फसफसता निघाला की त्यांनी चटकन हाताने तोंड झाकलं. तसंच झाकून शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन मला दिला, तोवर तू ठेवला होतास.

हो. हाताने तोंड झाकलं. तुझ्या पहिल्या पत्रात हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तुझ्या स्वप्नात ते कुठून आलं मला माहीत नाही. लहानपणी कधीतरी पहाटे त्यांना तसं बघितलं असशील आणि विसरला असशील. मी असंच धरून चालते. आत्याला मात्र हे कळता कामा नये, नाहीतर ती आयुष्यभर पुरवेल.

पुढचं ऐक. मला वाटलं, दमले, आता झोपतील. तर मनगट घट्ट धरलं माझं. कप उचलायची ताकद नव्हती त्या हातात. "दात," म्हणाले. पेला दिला. घातली, पडली. पुन्हा घातली, पुन्हा पडली. मी म्हटलं, बाबा, चिकटवायची पेस्ट लावते, पाच मिनिटांचं काम, लगेच लावू फोन. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पातळ प्लास्टर कालवलंय.

"त्याच्याशी बोबडं बोलू होय?" म्हणाले. "पक्कं अस्तर लाव. खूप बोलायचंय त्याच्याशी."

झालं. कवळी आतून भरून हिरड्यांना घट्ट करायची, म्हणून मी माप घेतलं. कवळीत मसाला भरून तोंडात दाबून धरली, काढली, दाखवली. टाळूच्या कडेला एक बुडबुडा निघाला. मला दिसला नव्हता, त्यांना दिसला. पुन्हा घ्यायला लावलं. मरायला टेकलेला माणूस बुडबुडे शोधतोय आणि मी मसाला कालवतेय. संध्याकाळपर्यंत साच्यात घातली, गुलाबी प्लास्टिक भरलं, गरम पाण्यात शिजवली आणि साचा निवायला ठेवला. तो आपोआप निवू द्यावा लागतो, घाई केली की कवळी वाकडी होते. हे आपल्याला दोघांनाही पट्टीने बोटांवर मारून शिकवलेलं आहे. आतून दोनदा विचारलं, "गार झाली?" मी म्हटलं, सकाळी उघडू, सकाळीच फोन लावू.

सकाळी ते उठले नाहीत.

तू आलास तेव्हा पेला रिकामा का होता, ते आता कळलं? बाबांचे दात बंद साच्यात होते. तुझ्याशी बोलण्यासाठी घट्ट करायला टाकलेले. म्हणून तुला हेडमास्तरांचे सापडले.

ते काय बोलणार होते ते मला ठाऊक नाही, आणि मी बनवून सांगणार नाही. कदाचित तासभर झापणार होते. क्रेनवर थुंकणार होते. पण न बोलण्यासाठी कोणी दातांना पक्कं अस्तर लावून घेत नाही. एवढं मी जाणते, आणि हे कुठल्या कोष्टकात लिहिलेलं नाही.

हे मी आधी का नाही सांगितलं? तुला फोनचा असा सल लागलाय हे मला माहीत नव्हतं, हे एक. आणि दुसरं, मला सांगायचं नव्हतं. माझ्याशी बोलायला त्यांना दात लागत नव्हते. पाणी, कूस, दिवा बंद कर, एवढंच बोलायचं असे, ते बोबडं चालून जायचं. तू एक फोन केलास, तर तुझ्यासाठी पक्कं अस्तर. मी रोजची, तू पाहुणा. मला राग आला होता. अजून आहे. राग गेला म्हणून हे सांगत नाहीये, तू वरून पडशील म्हणून सांगतेय.

साचा मी इतके दिवस फळीवर तसाच ठेवला होता. आज सकाळी फोडला. कवळी छान आली आहे. कुठे बुडबुडा नाही, कुठे वाकलेली नाही. कडा घासल्या, पॉलिश केली. बाबांनी तरी काहीतरी खोड काढलीच असती.

आणि घासता घासता सवयीने मनात बघायला गेले, ही त्यांना कशी दिसेल. कोणाचंही काम करताना मी तसं बघते, आपल्याला तसंच शिकवलंय, आधी चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि मग हात चालवायचा. तर चेहरा येईना. येतो तो शेवटचाच. गाल आत, हनुवटी नाकाला टेकायला आलेली. त्याला मी भरवलं, पुसलं, त्याची दाढी केली, आणि त्याने आधीचे सगळे खाऊन टाकले. फोटो काढून बघितले. फोटोत ते ओठ घट्ट मिटून उभे असतात, परीक्षेला बसल्यासारखे, ते काही खरे बाबा नव्हेत.

तुझ्याकडे येतात ते बाकड्याशी बसून येतात. एवढी पत्रं लिहिलीस, पण ते कसे दिसत होते याची त्यात एक ओळ नाही. गाल भरलेले होते का? मिशी काळी होती की पिकलेली? चष्मा कपाळावर सरकवला होता का, आणि तोच शोधत होते का? आता आले की त्यांना काही विचारू नकोस, ते बोलायची वाट बघू नकोस, आणि घाबरून उठू तर अजिबात नकोस. नुसतं बघत राहा. जेवढा वेळ बघू देतील तेवढा वेळ बघ. आणि उठल्यावर विसरायच्या आत मला फोन कर. मी उचलेन. तू फक्त सांग कसे दिसत होते, कारण मला माझे बाबा आठवत नाहीयेत.

ताई